पहिली २०० किमी ब्रेव्हे: हात बधिर होतात, उतारावर भीती वाटते

निळी सायकल:

नमस्कार मंडळी,

गेली अडीच वर्षं सायकल चालवतेय. अकरा आठवड्यांनी २०० किमीची ब्रेव्हे (ठरावीक मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) आहे आणि परवा धीर करून नाव नोंदवलं. साडेतेरा तासांची मुदत. तेव्हापासून रात्री पडल्या पडल्या तेच तेच प्रश्न डोक्यात फिरताहेत, म्हणून इथे एकदाच सगळं लिहून काढते.

आजवरची सर्वांत लांब राइड ११२ किमी. प्रत्यक्ष चाक फिरत होतं पावणेसहा तास, पण घरातून निघून घरी पोचेपर्यंत सात तास चाळीस मिनिटं गेली. ड्रॉप हँडलबारची रोड बाइक आहे, २५ मिमीचे टायर, रिम ब्रेक. माझं वजन ५८ किलो. दोन्ही टायरांत ११० पीएसआय हवा ठेवते, टायर टणक असला की सायकल पळते असं ऐकलं होतं.

साधारण ६० किमीनंतर दोन्ही हातांच्या करंगळीला आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येतात. ९० च्या पुढे ती बोटं असून नसल्यासारखी. त्या ११२ च्या राइडनंतर संध्याकाळी मला कुलपात किल्ली फिरवता येईना. मान आणि खांदे तर दुसऱ्या दिवशीही आखडलेले असतात. सीट टोचत होती म्हणून मध्यंतरी तिचं नाक थोडं खाली केलं, त्याने टोचणं कमी झालं.

दुसरं म्हणजे उतार. चढाला मी कुणाच्या मागे राहत नाही, पण उतार लागला की हूड्सवर, म्हणजे ब्रेक लिव्हरच्या वरच्या रबरी मुठींवर, हात घट्ट आणि ब्रेक सतत दाबलेले. वळणावर सायकल बाहेर बाहेर जातेय असं वाटतं आणि मी आणखी ब्रेक दाबते. गेल्या वर्षी पावसात रेल्वेच्या रुळांवर चाक घसरून उजव्या बाजूला पडले होते. लागलं फारसं नाही, पण तेव्हापासून ओल्या रस्त्यावर अंग ताठ होतं.

तिसरं, ८० किमीनंतर खावंसंच वाटत नाही आणि मग शेवटचे ३० किमी पाय रिकामे होतात.

अकरा आठवड्यांत यातलं काय सुधारेल? आणि कशापासून सुरुवात करू?

तिसरा गिअर:

अभिनंदन! नाव नोंदवलंत, अर्धं काम झालं.

जेल पॅडचे ग्लव्ह्ज घ्या आणि हँडलबारवर दुहेरी टेप लावा, मुंग्या बऱ्याच कमी होतात. शक्य असेल तर जाणकाराकडून बाइक फिट करून घ्या. लांब राइड दर आठवड्याला थोडी वाढवत न्या. ब्रेव्हेच्या तीन आठवडे आधी १५० किमी झाले की २०० होतात, माझे तसेच झाले. उतारांचं म्हणाल तर सवयीने भीती जाते, घाई करू नका.

सावकाश:

निळी सायकल, तू म्हटलं तर चालेल ना? वयाने मी बरीच मोठी आहे.

तुझी पोस्ट दोनदा वाचली. तू तीन दुखणी सांगितली आहेस. हात, खांदे आणि उतार. माझ्या मते हे एकच दुखणं आहे. तुझ्या अंगाचा भार हातांवर आहे आणि तू हँडल धरत नाहीस, आवळतेस. ग्लव्ह्ज जरूर घाल, पण भार तिथेच राहिला तर जेलखालीही नस दबतेच. हे मी अंगावर काढलंय म्हणून ठासून सांगते. माझ्या पहिल्या ६०० किमीच्या ब्रेव्हेनंतर तीन आठवडे मला शर्टाचं बटण लावता येत नव्हतं. चाळीस तासांच्या मुदतीत पोचले याचा आनंद होता, पण डाव्या हातात पेन धरलं की गळून पडायचं, आणि मी डावखुरी आहे.

करंगळी आणि अनामिकेकडे जाणारी नस तळहाताच्या बाहेरच्या बाजूने, मनगटालगतच्या उंचवट्याखालून जाते. नेमका तोच भाग आपण हूडवर टेकवतो. त्यात मनगट मागे मोडलेलं असेल तर ती नस ताणलीही जाते. म्हणून मुंग्या नेहमी त्याच दोन बोटांना. राइडनंतर दोन दिवसांतही बधिरपणा गेला नाही तर मात्र इथे विचारत बसू नकोस, डॉक्टरांना दाखव.

आधी एक तपासणी कर. मोकळा, सरळ, सपाट रस्ता बघ. मध्यम जोर लावून पायडल मारत असताना दोन्ही तळहात हूड्सवरून अगदी कागदाएवढे वर उचल. सोडायचे नाहीत, फक्त भार काढायचा. चारपाच सेकंद तशीच राहू शकलीस तर बैठक ठीक आहे. अंग लगेच पुढे कोसळायला लागलं तर हातांवर काय ओझं होतं ते तिथेच कळेल. तू कोसळशील असा माझा अंदाज आहे, कारण सीटचं नाक खाली केलंस. टोचणं थांबलं खरं, पण आता तू दिवसभर घसरगुंडीवर बसून हातांनी स्वतःला मागे ढकलत असतेस. खांदे त्यानेच आखडतात.

सीट सपाट कर, डोळ्याने नाही, पाणसळ लावून. मग ती खालच्या रेल्सवर, म्हणजे सीटखालच्या दांड्यांवर, पाच मिमी मागे घे. तपासणी पुन्हा कर. गरज वाटली तर आणखी पाच. मागे सरकवली की पायडलपर्यंतचं अंतर वाढतं, म्हणून उंची दोनतीन मिमी कमी करावी लागेल. प्रत्येक बदलाआधी सीटपोस्टवर टेपची खूण कर आणि एका वेळी एकच गोष्ट बदल, नाहीतर कशाने बरं वाटलं ते कळणार नाही. गुडघा समोरून दुखू लागला तर बहुधा सीट खाली गेलीय, मागून दुखला तर वर. सपाट करूनही टोचत राहिली तर ती सीट तुझ्या हाडांच्या रुंदीची नाही, दुसरी बघ. नाक खाली करणं हा उपाय नव्हे.

हवा! ११० पीएसआय तुझ्या वजनाला फार जास्त आहे. टायरच्या कडेवर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, शिफारस नसते. इतका टणक टायर खडबडीत रस्त्यावर पळत नाही, उडतो, आणि प्रत्येक हादरा तुझ्या तळहातात जिरतो. पुढे ७० आणि मागे ७५ ने सुरू कर. छापलेल्या किमान आकड्याखाली मात्र जाऊ नकोस. फ्रेममध्ये जागा असेल तर पुढचा टायर झिजल्यावर २८ चा घे.

आता उतार. सवयीने भीती जाते असं वर लिहिलंय. माझा अनुभव उलटा आहे. चुकीची पकड ठेवून शंभर उतार उतरले तर चुकीचीच सवय पक्की होते. भीती जाते ती हाताला काम कळल्यावर.

हूड्सवरून ब्रेक दाबताना तुझी बोटं लिव्हरच्या वरच्या टोकाला असतात, तिथे तरफ कमी मिळते. म्हणून जास्त आवळावं लागतं, पंजा दमतो, कोपर ताठ होतं, आणि ताठ हाताने सायकल वळत नाही. ड्रॉप्समध्ये, म्हणजे हँडलच्या खालच्या वाकलेल्या भागावर, हात नेलास की बोट लिव्हरच्या खालच्या टोकाला येतं. एका बोटाने सायकल थांबते. अंग खाली येतं, पुढच्या चाकावर नेमका भार पडतो आणि ते रस्ता धरतं. खाली वाकलं की तोल जाईल असं वाटतं, मलाही वाटायचं. ते फक्त वाटणं असतं.

रिकामं मैदान किंवा मोकळं आवार शोध. पाण्याच्या चार रिकाम्या बाटल्या ने. आठवड्यातून दोन वेळा अर्धा तास, बस.

पहिला आठवडा फक्त थांबणं. ताशी २० ते २५ वेगाने ये, बाटलीपाशी ब्रेक. पुढचा ब्रेक हळूहळू वाढवत दाब, झटका नाही, आणि त्याच क्षणी ढुंगण सीटच्या मागे सरकव. कोरड्या सरळ रस्त्यावर सायकल थांबवते ती पुढचीच ब्रेक. मागची नुसती जास्त दाबली तर चाक घसरतं आणि थांबायला अंतरही जास्त लागतं. मागचं चाक हलकं होतंय असं वाटलं की पुढची किंचित सैल कर. हे पंचवीस-तीस वेळा झालं की हातालाच समजतं किती दाबायचं. खडीवर आणि वळणात असताना मात्र पुढची जोरात दाबायची नाही.

दुसरा आठवडा वळणं. सरळ जात असताना उजव्या हाताने हँडल अगदी हलकेच पुढे ढकल. सायकल उजवीकडे कलते आणि उजवीकडे वळते. ऐकायला उफराटं वाटतं, करून बघ. तुझी सायकल वळणात बाहेर जाते कारण घाबरून तू बाहेरच्या बाजूला बघतेस, ताठ होतेस आणि तिला कलू देत नाहीस.

एक डावं वळण डोळ्यांपुढे आण. वळण दिसलं, तू अजून सरळ आहेस. सगळं ब्रेकिंग इथेच, आणि तुला बरा वाटतो त्याहून थोडा कमी वेग करून ब्रेक सोड. डावं पायडल वर, उजवं खाली, आणि उजव्या तळपायावर इतका भार दे की सीट हलकी वाटावी. डावा हात किंचित पुढे. नजर वळण जिथे संपतं तिथे, चाकापुढच्या खड्ड्यावर नाही. हनुवटीच तिकडे फिरव, नजर आपोआप जाते. रस्ता उलगडत जातो तशी नजर पुढे सरकव. सगळं आपल्याच बाजूच्या आत. समोरून येणाऱ्याच्या वाटेत शिरून वळण कापायचं नाही.

लांब उतारावर ब्रेक सतत ओढत राहू नकोस. रिम तापत जाते, आणि फार तापली तर ट्यूब फुटू शकते. सरळ भागात ठाम दाब, सोड, पुन्हा दाब. मधल्या वेळात बोटांना विसावा मिळतो तो वेगळाच.

रुळ: ब्रेक आधी, रुळांवर नाही. शक्य तितकं काटकोनात ओलांड, त्यासाठी मागे बघून आधी थोडं बाहेर जाऊन वळावं लागलं तरी चालेल. ओले असतील आणि कोन मिळत नसेल तर उतरून चालत जा. रंगवलेले पट्टे आणि लोखंडी झाकणंही पावसात तशीच.

आता तू दिलेल्या आकड्यांकडे बघ. ११२ किमीत तू एक तास पंचावन्न मिनिटं थांबलेली होतीस. त्याच हिशेबाने २०० किमीला चालवायला दहा तास सोळा मिनिटं आणि थांबायला तीन तास पंचवीस मिनिटं लागतात. बेरीज तेरा तास एकेचाळीस. अकरा मिनिटांनी हुकते! पाय पुरेसे आहेत तुझे, ताशी साडेएकोणीसचा वेग २०० ला छान आहे. वेळ थांब्यांत जातोय. आणि हात बधिर, मान ताठ म्हणूनच तू सारखी थांबतेस ना? बैठक सुधारली की हाही वेळ परत मिळेल.

खाण्याचं थोडक्यात. भुकेची वाट बघायची नाही. निघाल्यापासून अर्ध्या तासाने पहिला घास आणि मग घड्याळ बघून दर अर्ध्या तासाला थोडं थोडं. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. ८० किमीनंतर घास गिळत नसेल तर सुरुवातीला फार जोरात गेलीस असं समज, आणि तेव्हा साखर-मीठ घातलेलं पाणी घोटघोट घे. नुसतं साधं पाणी ढोसत राहणंही बरं नव्हे, रक्तातलं मीठ उतरतं. ब्रेव्हेच्या दिवशी नवीन काही खायचं नाही.

रात्रीचा दिवा:

सावकाश ताईंनी लिहिल्यावर बैठक आणि उतारांबद्दल मी काही बोलत नाही. माझी भर फक्त थांबावं लागणाऱ्या गोष्टींबद्दल.

मागच्या चाकाचं पंक्चर घरी पाच वेळा काढा, शेवटचं दिवा मालवून. दोन ट्यूब जवळ ठेवा. नवीन ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट हळूच पूर्ण फिरवा. मी एकदा हे न करता दोन्ही ट्यूब वीस मिनिटांत घालवल्या. तांब्याच्या तारेचा नखाएवढा तुकडा होता, बाहेरून दिसतही नव्हता. ट्यूबवर दोन भोकं शेजारी शेजारी असतील तर मात्र काटा शोधू नका, ती हवा कमी असताना खड्ड्यात रिमने चिमटलेली असते.

मुदतीचा हिशेब २०० च्या ब्रेव्हेत साधारण ताशी १५ किमीने असतो आणि मधल्या कंट्रोललाही (वाटेतल्या नोंदीच्या ठिकाणालाही) बंद होण्याची वेळ असते. कंट्रोलला पोचायच्या आधीच मनात यादी करा: कार्डावर नोंद, पाणी, खिशात खाणं, निघा. बसलात की उठवत नाही. आणि अंधार पडणार असेल तर पुढे-मागे सायकलला बसवलेले दिवे आणि परावर्तक जाकीट लागतंच, नियमच आहे.

निळी सायकल:

सावकाश ताई, तू म्हणा, बरंच वाटेल. वाचताना गळा दाटून आला. कुणी इतकं बारकाईने आकडे बघितले नव्हते.

तपासणी केली. हात उचलताच नाक हँडलवर आपटायचं बाकी होतं. आज सीट सपाट केली, हवा ७०-७५.

एक लिहायचं राहिलं होतं. महिन्यापूर्वी ताशी ४५ च्या आसपास उतरताना अख्खी सायकल थरथरायला लागली. हँडल इकडून तिकडे. मी सगळा जोर लावून धरलं तर आणखी वाढलं. सायकलमध्ये दोष आहे का?

सावकाश:

बरी आहेस ना? हे फार घाबरवणारं असतं.

दोष असू शकतो, म्हणून आधी तो बघ. पुढची ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलव, हेडसेटमध्ये (हँडल जिथे फ्रेममध्ये फिरतं त्या सांध्यात) खटका लागतो का? चाक हाताने आडवं हलवून हबमध्ये (चाकाच्या मधल्या भागात) ढिलेपणा आहे का? रिम वाकडी फिरतेय का? हे सगळं ठीक असेल तर कारण पुन्हा तेच. आवळलेले हात आणि ताठ खांदे थरथर पुढे नेतात, विशेषतः थंडीने अंग कुडकुडत असताना.

पुन्हा झालं तर पकड सैल कर. मन उलटं सांगेल, तरी सैल कर. दोन्ही गुडघे वरच्या नळीला घट्ट लाव, सीटवरून किंचित उठ आणि मागचा ब्रेक हळुवार घेत वेग उतरव. फ्रेमला गुडघे लागले की थरथर विझते. मैदानात कमी वेगावर गुडघे लावायचा सराव करून ठेव, म्हणजे वेळेवर पाय आपोआप जातील.

अकरा आठवड्यांचं वेळापत्रक मी मुद्दाम लिहिलं नाही. तिसरा गिअर म्हणतात ते बरोबर आहे, दर आठवड्याला दहा-बारा किमी वाढव, दर चौथ्या आठवड्याला कमी कर, १५० पर्यंत जा आणि शेवटचे दोन आठवडे हलके.

निळी सायकल:

चार आठवड्यांनी येतेय. काल १२८ किमी झाले. चालती वेळ सहा तास चोवीस, थांबे फक्त त्रेपन्न मिनिटं! खाणं घड्याळाने. ११० नंतर चढ होता आणि पायांत ताकद होती, यावर माझाच विश्वास बसेना.

मैदानातल्या बाटल्यांमुळे शेजारची दोन मुलंही शिकली. उतार अजून हळूच उतरते, पण ड्रॉप्समधून, एका बोटाने. एका वळणात मी कुठेही ब्रेक न लावता बाहेर पडले आणि पुढच्या सरळ रस्त्यावर मोठ्याने ओरडले.

डाव्या हाताच्या मुंग्या पूर्ण गेल्या. उजव्याला मात्र ९० नंतर अजून येतात, करंगळीलाच. एकाच हाताला का?

सावकाश:

वाचून डोळे भरले गं.

एकाच हाताला म्हणजे सायकल दोन्ही बाजूंना सारखी नाही. तू उजव्या बाजूला पडली होतीस ना पावसात? सायकलसमोर उभी राहा, पुढचं चाक गुडघ्यांत धर आणि दोन्ही हूड्सवर आडवी पट्टी ठेव. मग वरून बघ, दोन्ही हूड्स सारखेच पुढे बघताहेत का.

निळी सायकल:

पट्टी ठेवली. उजवा हूड जवळजवळ एक सेंटीमीटर आत वळलाय आणि थोडा खालीही आहे. वर्षभर त्यावर हात ठेवतेय, लक्षातच आलं नाही. मनगट तिथे करंगळीच्या बाजूला मोडतंय, आता आरशात बघितल्यावर दिसतंय. टेप सोडायला घेतलीय. हूडचा स्क्रू रबराखाली बाहेरच्या बाजूला असतो तोच ना?

सावकाश:

तोच. रबर मागून पुढे गुंडाळ, फाडू नकोस. अर्धा फेरा सैल कर, पूर्ण काढू नकोस. डाव्याशी जुळव, घट्ट कर, आणि रस्त्यावर जाण्याआधी हूडवर पूर्ण भार टाकून बघ की तो सरकत नाही.